मुलांना घेऊन जर्मनीला जाताना

नमस्कार. या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेक जण लहान मुलांचे आईवडील आहेत आणि त्यांतील अनेकांच्या हाती जर्मनीतील नोकरीचे करारपत्र आले आहे किंवा येण्याच्या वाटेवर आहे. कशासाठी चाललात असे विचारले, तर पगाराचा आकडा कोणी आधी सांगत नाही. ‘मुलांसाठी’ असेच उत्तर येते. हे उत्तर प्रामाणिक असते, असा माझा अनुभव आहे. सकाळी साडेसहाला मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवायचे, संध्याकाळी आठला कामावरून परतायचे आणि मधल्या काळात त्याला खेळायला सुरक्षित मोकळी जागा नाही, हे ज्यांनी रोज सोसले आहे त्यांना दुसरे आयुष्य हवेसे वाटले तर नवल नाही. परंतु निर्णय मुलांसाठी असेल, तर निघण्याची तारीखही मुलाचे वय पाहून ठरली पाहिजे. प्रत्यक्षात ती नव्या कंपनीच्या सोयीने ठरते आणि मुलाच्या शाळेचा विचार सामान बांधून झाल्यावर होतो. आज मला प्रामुख्याने याविषयीच बोलायचे आहे.

तिथे काय चांगले आहे ते आधी सांगते, कारण ते खरोखर चांगले आहे. पहिली-दुसरीतली मुले पाठीवर दप्तर घेऊन एकटी किंवा दोघांतिघांच्या टोळीने चालत शाळेत जातात. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत पोलीस मुलांना सायकल चालवण्याचे नियम शिकवतात आणि त्याची परीक्षाही घेतात. वस्तीवस्तीत वाळूची, घसरगुंड्यांची खेळांगणे असतात आणि पाऊस पडत असला तरी रबरी बूट घालून मुले तिथे खेळत असतात. सरकारी शाळेला फी नाही. जन्मापासून शाळेत जाण्याच्या वयापर्यंत मुलांच्या ठरलेल्या वैद्यकीय तपासण्या आरोग्य विम्यातून होतात. सरकारी विमा असलेल्या घरात न कमावणारा जोडीदार आणि मुले यांना वेगळा हप्ता भरावा लागत नाही. प्रत्येक मुलामागे दरमहा बालभत्ता मिळतो. २०२५ मध्ये तो २५५ युरो होता. मूल आजारी पडले तर बारा वर्षांखालील प्रत्येक मुलासाठी आईला आणि वडिलांना प्रत्येकी वर्षाला पंधरा दिवसांपर्यंत घरी राहता येते आणि बुडालेल्या पगाराचा बराचसा भाग विमा संस्था भरून देते. वडिलांनी तापलेल्या मुलीसाठी रजा घेतली म्हणून कार्यालयात कोणी भुवया उंचावत नाही. मला स्वतःला हे त्या समाजाचे सर्वांत मोठे वैभव वाटते.

परंतु हा निवांतपणा आईवडिलांच्या श्रमांवर उभा असतो. स्वयंपाकाच्या मावशी नाहीत, आजी-आजोबा नाहीत आणि रविवारी दुकाने बंद. एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघर-बालवाडीत, म्हणजे तिथल्या ‘किटा’मध्ये, जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क १ ऑगस्ट २०१३ पासून आहे, मात्र मोठ्या शहरांत शिक्षक अपुरे आहेत, त्यामुळे जागेसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते. बर्लिनमध्ये किटा जवळपास विनामूल्य आहे, तर काही शहरांत त्यासाठी बरीच रक्कम मोजावी लागते. म्हणून घराचा पत्ता निश्चित होताच पहिला अर्ज किटासाठी करावा. मुलाची लसीकरणाची वही हातातल्या पिशवीत ठेवावी, कारण मार्च २०२० पासून गोवरच्या लसीचा पुरावा दाखवल्याशिवाय किटात प्रवेश मिळत नाही आणि शाळाही तो मागते. आपल्याकडे ही लस दिलेली असतेच, पण नोंद सापडत नाही म्हणून प्रवेश लांबलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

आता शाळेकडे येऊ. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळे म्युनिकचा नियम हॅम्बुर्गला लागू होईलच असे नाही. तरीही ढोबळ चौकट सगळीकडे सारखी आहे. सहाव्या वर्षी मूल पहिलीत जाते. त्याआधी किटात अक्षरओळख करून देत नाहीत. पुण्यात सीनियर केजी संपवून वाक्ये लिहू लागलेले मूल तिथे गेल्यावर दिवसभर वाळूत खेळते, मातीत हात घालते आणि स्वतःचे बूट स्वतः घालायला शिकते. आपल्या आईवडिलांच्या जिवाची यामुळे घालमेल होते. ती अस्थानी आहे. त्या खेळातच मूल जर्मन भाषा शिकत असते आणि त्या वयात त्याला याहून मोलाचे दुसरे काही देता येणार नाही.

प्राथमिक शाळा बहुतेक राज्यांत चौथीपर्यंत असते, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत. त्यानंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. विद्यापीठाकडे नेणारी शाळा म्हणजे गिम्नाझियम. इतर शाळा मुख्यतः व्यवसायशिक्षणाकडे नेतात. अनेक राज्यांत कोणती शाळा घ्यायची याबाबत पालकांचा शब्द अखेरचा असतो. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बवेरियात मात्र चौथीच्या मे महिन्यात मिळणाऱ्या प्रगतिपत्रकावर जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असावी लागते, आणि तिथे १ ही सर्वोत्तम श्रेणी असते. ती सरासरी नसेल तर मुलाला चाचणीवर्गात बसून आपली पात्रता सिद्ध करावी लागते. गणितातसुद्धा शाब्दिक उदाहरणे जर्मनमध्ये असतात, त्यामुळे तीनही विषयांत भाषेचीच परीक्षा होते.

ही चौकट डोळ्यांपुढे ठेवून मुलाचे वय पाहा. तीन-चार वर्षांचे मूल किटात दोन वर्षे काढून पहिलीत जाते. पहिले काही महिने ते वर्गात एक शब्दही बोलत नाही. हे स्वाभाविक आहे, त्याची धास्ती घेऊ नये. पहिलीत जाईपर्यंत ते आईवडिलांची जर्मन दुरुस्त करू लागते. याउलट आठ-नऊ वर्षांचे मूल तिसरीच्या मध्यावर बवेरियात पोहोचले, तर चौथीच्या त्या प्रगतिपत्रकापर्यंत त्याच्या हाती जेमतेम सव्वा वर्ष असते. आपल्या शाळेत ते पहिल्या पाचांत असेल, तरी तिथे त्याला फळ्यावरची सूचना कळत नाही, मैदानावरचा विनोद कळत नाही आणि शहाणे असूनही आपल्याला कोणी शहाणे समजत नाही, हे त्याला पुरेपूर कळते. त्या वयातल्या मुलाचा स्वाभिमान या काळात किती दुखावतो, हे नव्या देशाच्या उत्साहात असलेल्या आईवडिलांच्या ध्यानात येत नाही. नव्याने आलेल्या मुलांसाठी अनेक ठिकाणी भाषेचे पूर्वतयारी वर्ग असतात, त्यांचा उपयोगही होतो. पण सव्वा वर्षात परक्या भाषेत चौथीच्या तोडीचे लिहिणे ही लहान अपेक्षा नव्हे.

म्हणून माझे सांगणे स्पष्ट आहे. मूल सहा वर्षांच्या आत असेल तर निःशंक जावे. सात ते दहा या वयात जाणे अटळ असेल, तर जिथे पालकांचा निर्णय अंतिम मानला जातो किंवा प्राथमिक शाळा सहावीपर्यंत चालते असे राज्य निवडावे, आणि कंपनीची कार्यालये अनेक शहरांत असतील तर तशी मागणीही करावी. निघण्यापूर्वी किमान सहा महिने मुलाला जर्मन शिकवावे. पुण्यात त्यासाठी मॅक्सम्युलर भवन आहे, शिवाय चांगले खासगी शिक्षकही आहेत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला त्याच्या इच्छेविरुद्ध नेऊ नये. आंतरराष्ट्रीय शाळेचा इंग्रजी मार्ग आहेच, पण तिची वार्षिक फी पंधरा-वीस हजार युरो किंवा त्याहूनही अधिक असू शकते. कंपनी ती भरणार नसेल तर बहुतेक कुटुंबांना ती झेपत नाही. गिम्नाझियम हुकले म्हणजे सारे संपले असेही नाही. दहावीनंतर तिथे पुन्हा वाट वळवता येते आणि अनेक मुले तसे करतात. पण मधल्या वर्षांत घरात जो ताण राहतो, तो योग्य वयात गेल्यास बऱ्याच अंशी टळतो.

शाळेची वेळ हा दुसरा धक्का असतो. प्राथमिक शाळा अनेक ठिकाणी दुपारी बारा-एकला सुटते. पुढच्या देखभालीसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या वर्गापासून टप्प्याटप्प्याने दिवसभराच्या देखभालीचा हक्क देण्याचा कायदा झाला आहे. तरी जागा प्रत्यक्षात मिळेल का, हे आधी विचारून घ्यावे. ती मिळाली नाही तर दोघांपैकी एकाचे काम अर्ध्यावर येते, आणि ते बहुधा आईचेच असते. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारा निवासपरवाना. ते असणाऱ्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरी करण्याची मुभा आहे, त्यासाठी आधी जर्मन परीक्षा देण्याची अटही नाही. पण परवानगी आहे म्हणून नोकरी मिळतेच असे नाही. इथे शिक्षिका, वकील किंवा बँक अधिकारी असलेली स्त्री तिथे भाषेवाचून अडते. डिसेंबरात बहुतेक ठिकाणी साडेचारच्या आत सूर्य मावळतो, नवरा कामावर असतो, मूल किटात असते आणि दिवसभर बोलायला कोणी नसते. आपल्या चर्चांमध्ये या एकटेपणाला पुरेसे स्थान मिळत नाही. पहिल्या वर्षी घरखर्चात काटकसर करावी लागली तरी चालेल, पण जोडीदाराचा भाषावर्ग पहिल्या महिन्यापासून सुरू झाला पाहिजे. त्याचा लाभ मुलालाही होतो. ज्या घरात आईवडिलांना जर्मन येत नाही, त्या घरात मूलच दुभाषा होते. डॉक्टरांचे बोलणे, शाळेची पत्रे, घरमालकाची तक्रार हे सारे आठ वर्षांच्या मुलाने समजावून सांगायचे, हे ओझे त्या वयाचे नाही.

जर्मन मुलाला शाळा देईल. घरात मात्र मराठीच बोलावी. मोडक्या जर्मनमध्ये मुलाशी बोलणारे आईवडील त्याला ना जर्मन देतात, ना मराठी. तिथल्या बालवाडीच्या शिक्षिकाही पालकांना आपली भाषा घरी नीट बोलण्याचाच सल्ला देतात. मूल जर्मनमध्ये उत्तर देऊ लागले तर रागावू नये, आपण मराठीतच बोलत राहावे. बोलणे टिकते, वाचन टिकत नाही. म्हणून देवनागरी मुद्दाम शिकवावी लागते.

आजी-आजोबांच्या भेटींचे गणितही आधी मांडावे. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या अल्पमुदतीच्या व्हिसावर, ते १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहू शकतात. मार्च २०२४ नंतर प्रथमच निवासपरवाना मिळालेल्या कुशल कर्मचाऱ्यांना आईवडिलांना कायमचे आणण्याची तरतूद झाली आहे, पण त्यांच्या खर्चाची आणि आरोग्य विम्याची हमी द्यावी लागते आणि उतारवयात विमा मिळवणे अत्यंत कठीण आहे. शाळा बुडवून मुलाला भारतात आणता येत नाही. शाळेची उपस्थिती तिथे कायद्याने सक्तीची आहे आणि विनापरवानगी गैरहजेरीसाठी दंड होतो. मोठी सुट्टी जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान येते, तेव्हा इथल्या मावसभावंडांची शाळा सुरू असते आणि आंब्यांचा हंगाम संपलेला असतो. बवेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या दक्षिणेकडील राज्यांत मात्र मे-जूनच्या सुमारास दोन आठवड्यांची सुट्टी असते आणि ती बहुतेक वर्षी आपल्या उन्हाळी सुट्टीच्या अखेरीला गाठते. विमानाचे तिकीट महाग पडले तरी ती साधावी. चुलत-मामेभावंडांबरोबर आजोळच्या अंगणात घालवलेले ते दिवस मुलाला इथल्या माणसांशी बांधून ठेवतात आणि दूरध्वनीवरच्या भेटींनी ते साधत नाही.

एक गोष्ट थोडक्यात, पण गांभीर्याने सांगते. मुलावर हात उगारणे जर्मनीत २००० सालापासून कायद्याने निषिद्ध आहे. मुलाने किटात सहज काही सांगितले, तर शिक्षिका बालकल्याण कार्यालयाचा सल्ला घेऊ शकते. अनेक घरांत याची भीती असते. त्या कार्यालयाशी वैर धरण्याचे कारण नाही, त्याचे बहुतांश काम कुटुंबांना मदत करण्याचे आहे. पण ‘एक चापट दिली तर काय बिघडते’ ही सवय इथेच सोडून विमानात बसावे. मुलांच्या दृष्टीने हा बदल हितकारक आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

शेवटचा मुद्दा परतण्याचा. ‘दोन-तीन वर्षे राहू, मग बघू’ असे म्हणत निघालेल्यांपैकी अनेक जण तिथेच राहतात, कारण ब्लू कार्डधारकाला भाषा येत असल्यास २१ महिन्यांत आणि जुजबी येत असल्यास २७ महिन्यांत कायम निवासाचा परवाना मिळू शकतो आणि तोवर मूल रुळलेले असते. ज्यांना खरोखर परतायचे आहे त्यांनी मूल सहावी-सातवीत जाण्यापूर्वी परतावे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावीपर्यंत सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे आहे. नववीत परतलेल्या मुलाला एकाच वेळी नवी अभ्यासपद्धत, दहावीचे वर्ष आणि न वाचता येणारी लिपी यांना तोंड द्यावे लागते. ते वय उलटले असेल, तर मुलाला तिथली आबितूरची, म्हणजे गिम्नाझियमच्या शेवटी होणारी विद्यापीठप्रवेशाची, परीक्षा पूर्ण करू द्यावी, बहुतेक राज्यांत शिकवणी शुल्क न घेणाऱ्या तिथल्या सरकारी विद्यापीठांत शिकू द्यावे, आणि आईवडिलांच्या परतीची तारीख त्यानंतरची धरावी.