अहवाल लिहिता येतो, पण अधिकारी टिकतो का?

विकसनशील देशांतल्या सरकारी लेखापरीक्षण संस्था सक्षम करायचं ठरलं, की पहिला पैसा प्रशिक्षणावर जातो. मग संगणक, सॉफ्टवेअर, परदेशी तज्ज्ञ. ते लागतंच. आपल्या कॅगच्या नोएडातल्या केंद्रात कितीतरी देशांचे अधिकारी संगणकीय व्यवस्थांचं लेखापरीक्षण शिकून जातात, आणि चांगलं शिकून जातात. पण आज मी घानाबद्दल बोलणार आहे, कारण तिथे घोडं शिकण्यापाशी अडलंच नव्हतं.

घानाच्या १९९२ च्या राज्यघटनेचं १८७ वं कलम वाचून आपल्याकडच्या लेखापरीक्षकांना हेवा वाटेल. आपले कॅग आक्षेप नोंदवतात, अहवाल संसदेपुढे जातो, पुढचं लोकलेखा समिती बघते. घानाचा महालेखापरीक्षक बेकायदा खर्च थेट नामंजूर करून तो संबंधित अधिकाऱ्याकडून वसूल करू शकतो. कागदावर यापेक्षा जास्त अधिकार काय द्यायचे? तरीही हा अधिकार वर्षानुवर्षं जवळजवळ पडून होता. शेवटी ‘ऑक्युपाय घाना’ हा नागरिकांचा गट कोर्टात गेला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की हा अधिकार वापरावाच लागेल.

त्या वेळी पदावर होते डॅनियल डोमेलेव्हो. त्यांनी वसुलीचा धडाका लावला, काही कोटी सेदी तिजोरीत परत आले. एका ज्येष्ठ मंत्र्यावरही वसुली काढली. ती पुढे न्यायालयात टिकली नाही, हेही सांगायला हवं. लेखापरीक्षकाचं म्हणणं न्यायालयात तपासलं जाणं योग्यच आहे. पण २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना साठलेली रजा घ्यायला लावली. १२३ दिवस! पुढे ती १६७ दिवसांवर गेली. मार्च २०२१ मध्ये ते कामावर परतले, तर वयाचा प्रश्न काढून निवृत्त व्हायला सांगण्यात आलं. सक्तीची रजा घटनाबाह्य होती, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २०२३ मध्ये. तोवर खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं होतं.

असल्या रजेवर कुठलं प्रशिक्षण उतारा ठरेल?

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. मे १९४९ मध्ये घटना समितीत ते म्हणाले, की महालेखापरीक्षक हा बहुधा राज्यघटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे. त्याची कर्तव्यं त्यांना न्यायव्यवस्थेपेक्षाही मोठी वाटत होती. हे वाक्य आपण सगळे उद्धृत करतो. पण त्याच भाषणात त्यांनी खंतही व्यक्त केली होती, की न्यायव्यवस्थेला दिलेलं स्वातंत्र्य आपण या अधिकाऱ्याला दिलेलं नाही. स्वतःचा कर्मचारीवर्ग नेमण्याचाही अधिकार त्याच्याकडे नाही. ते मात्र कुणी उद्धृत करत नाही.

जगभरच्या लेखापरीक्षण संस्थांची संघटना ‘इंटोसाय’ हिने १९७७ च्या लिमा जाहीरनाम्यात स्वातंत्र्याची अट घातलीच होती. तिची नॉर्वेतली विकास संस्था आता एखाद्या लेखापरीक्षकावर दबाव आल्याची तक्रार आली की चौकशी करते, आपलं मत जाहीर करते. मला विचाराल तर मदत देणाऱ्या देशांनी इथे जास्त जोर लावावा. अर्थसंकल्पाला हातभार लावताना करारातच लिहावं: महालेखापरीक्षकाला ठरलेल्या कारणांशिवाय आणि ठरलेल्या पद्धतीबाहेर हटवलं, तर पुढचा हप्ता थांबेल.