शुद्धिपत्र नाकारणारा मुद्रक

[दृश्य: लंडनचा जुना नकाशा. सेंट पॉल्स चर्चचे आवार, तिथून उत्तरेकडे बार्बिकन.]

निवेदन:

साल 1612. टॉमस हेवूड हा लंडनचा नाटककार आपल्या नव्या पुस्तकाच्या शेवटी एक पत्र छापतो. पत्र निकोलस ओक्स या मुद्रकाला लिहिले आहे. ओक्सच्या कामाची त्यात तारीफ आहे, पण पत्रातला सगळा संताप दुसऱ्याच एका मुद्रकावर आहे. त्या मुद्रकाने तीन वर्षांपूर्वी हेवूडचे एक दीर्घकाव्य छापले होते. छापून हातात आले तेव्हा अक्षरे चुकलेली, अर्ध्या ओळी भलतीकडे गेलेल्या, कुणी कधी ऐकले नाहीत असे शब्द तयार झालेले. हेवूडने शुद्धिपत्र जोडायला सांगितले. मुद्रक म्हणाला, जमणार नाही. स्वतःच्या कामातली खोट तो स्वतःच छापून जगाला दाखवणार नव्हता. चुका राहू देत लेखकाच्या मानेवर.

या मुद्रकाचे नाव विल्यम जॅगर्ड. पुढे अकरा वर्षांनी याच माणसाच्या छापखान्यातून शेक्सपियरच्या नाटकांचा पहिला संग्रह बाहेर पडला. आज आपण त्याला 'फर्स्ट फोलिओ' म्हणतो.

[दृश्य: स्टेशनर्स कंपनीची नोंदवही. बारीक, तिरके हस्ताक्षर.]

जॅगर्डची ही अरेरावी कशी चालून गेली? त्या काळचा पुस्तकांचा धंदाच तशा पायावर उभा होता. 1557 मध्ये मेरी राणीने लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला सनद दिली. मुद्रक, पुस्तकविक्रेते, बांधणी करणारे, सगळे या कंपनीचे सभासद. 1586 च्या हुकमाने लंडनबाहेर फक्त ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांना छापखाना ठेवता येई. सभासदाने हस्तलिखित मिळवायचे, कंपनीच्या वहीत चार-सहा पेन्स भरून आपल्या नावावर नोंदवायचे, की ते पुस्तक त्याच्या मालकीचे झाले. तो ते विकू शके, गहाण टाकू शके, मुलाला वारसाहक्काने देऊ शके. लेखकाला हस्तलिखिताचे एकदाच काय ते पैसे मिळत. नाटककाराच्या वाट्याला तेवढेही येत नसे, कारण नाटक त्याने आधीच नाटक मंडळीला विकलेले असे.

या व्यवस्थेत लेखकाचे नाव म्हणजे विक्रीला उपयोगी पडणारा शिक्का. जॅगर्डने ते फार लवकर ओळखले. 1599 मध्ये त्याने 'द पॅशनेट पिलग्रिम' नावाचे छोटेसे कवितांचे पुस्तक काढले आणि मुखपानावर शेक्सपियरचे नाव घातले. आत कविता वीस. त्यांतल्या शेक्सपियरच्या जेमतेम पाच. 1612 मध्ये पुस्तक पुन्हा छापताना त्याने त्यात हेवूडच्या त्याच जुन्या पुस्तकातल्या काही कविताही घातल्या. कंपनीच्या नियमाने त्यात गैर काहीच नव्हते, कारण हेवूडच्या पुस्तकाचा मालक जॅगर्डच होता. पण हेवूडच्या जिवाला ते लागले. लोक म्हणतील, मीच शेक्सपियरच्या कविता चोरल्या. त्याच पत्रात तो पुढे सांगतो की, आपल्याला न विचारता आपले नाव असे वापरल्याबद्दल खुद्द शेक्सपियरही जॅगर्डवर फार चिडलेला आहे.

छापील पुस्तकाबद्दल शेक्सपियरला काय वाटत होते, याची खूण आपल्याला क्वचितच सापडते. इथे ती सापडते, तीही दुसऱ्याच्या तोंडून. त्यानंतर काही प्रतींचे मुखपान बदलले गेले. नव्या पानावर शेक्सपियरचे नाव नव्हते. कायदा लेखकाच्या बाजूने नसतानाही चारचौघांत केलेली तक्रार थोडीफार लागू पडली, आणि मला हेवूडचे हे पत्र त्यासाठी मोलाचे वाटते.

[दृश्य: कागद उजेडासमोर धरलेला. जलचिन्ह स्पष्ट होत जाते.]

1619 मध्ये जॅगर्डने टॉमस पेव्हियर या प्रकाशकासाठी दहा नाटके छापली. सगळी शेक्सपियरच्या नावाने खपवली जात होती. दोन त्याची नव्हती. काहींच्या मुखपानावर 1600 आणि 1608 अशी खोटी साले होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात राजाच्या नाटक मंडळीने, म्हणजे शेक्सपियरच्याच मंडळीने, दरबारातून कंपनीला पत्र आणवले होते, की आमची नाटके आमच्या संमतीशिवाय छापू नयेत. खोटी साले जवळजवळ तीनशे वर्षे खरी मानली गेली. 1908 मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग या अभ्यासकांनी कागद तपासले, तेव्हा वेगवेगळ्या सालांच्या पुस्तकांत एकाच खेपेतल्या कागदाची जलचिन्हे, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटलेल्या खुणा, निघाली.

आणि तरीही, शेक्सपियरचे जुने सहकारी जॉन हेमिंग्ज आणि हेन्री कॉन्डेल यांनी त्याची नाटके एकत्र आणायचे ठरवले, तेव्हा काम जॅगर्डकडेच आले. त्याचा छापखाना मोठा होता आणि नाटकांच्या जाहिराती छापण्याचा हक्क त्याच्याकडे होता. तोवर तो आंधळा झाला होता. त्याचा मुलगा आयझॅक कारभार पाहत होता आणि एडवर्ड ब्लंट हा प्रकाशक भागीदार होता.

[दृश्य: लाकडी छापयंत्र. एक जण शाईचे गोळे फिरवतो, दुसरा दांडा ओढतो.]

छत्तीस नाटके, नऊशेच्या आसपास मोठी पाने. छपाई पान एक, पान दोन अशी क्रमाने होत नसे. तीन ताव एकात एक घालून बारा पानांचा जुडगा व्हायचा आणि आतल्या तावाची सहा व सात ही पाने सगळ्यात आधी जुळवली जायची. खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, मोजके, म्हणून छापून झालेल्या पानांचे खिळे सोडून लगेच पुढच्या पानाला लावायचे. त्यामुळे पहिल्या पाच पानांत किती मजकूर मावेल हे जुळाऱ्याला, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगाराला, आधीच अंदाजाने ठरवावे लागे. अंदाज चुकला की पद्याच्या ओळी गद्यासारख्या कोंबल्या जात, नाहीतर एका ओळीच्या दोन करून जागा भरली जाई. आपण ज्याला शेक्सपियरची लय समजतो तिचे काही तुकडे असे जुळाऱ्याच्या अडचणीतून घडलेले आहेत.

विसाव्या शतकात चार्ल्टन हिन्मन या अभ्यासकांनी दोन प्रती एकमेकींवर आणून ताडून पाहणारे यंत्र तयार केले आणि वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयातल्या पन्नासहून अधिक प्रती पानोपान तपासल्या. 1963 मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना निरनिराळ्या जुळाऱ्यांचे हात ओळखता आले. शब्दांचे स्पेलिंग प्रत्येकाचे वेगळे, तुटका खिळा कुठल्या पानावरून कुठे गेला तेही दिसते. त्यांतला एक हात अगदीच कच्चा आहे. तो बहुधा 1622 च्या नोव्हेंबरात कामाला लागलेला जॉन लीसन हा शिकाऊ मुलगा. छपाई चालू असताना यंत्र थांबवून चुका दुरुस्त होत, पण आधी छापलेले ताव फेकले जात नसत. कागद परदेशातून यायचा, महाग होता. म्हणून प्रतीप्रतीत फरक आढळतो.

काम मध्येच अडले, कारण जॅगर्ड स्वतः एका भांडणात पडला होता. राल्फ ब्रूक या दरबारी वंशावळकाराने 1619 मध्ये त्याच्याकडे एक ग्रंथ छापला होता आणि त्यातल्या चुकांचे खापर मुद्रकावर फोडले होते. या वेळी जॅगर्डने गप्प बसायचे नाकारले. ब्रूकच्या चुका दाखवणारे ऑगस्टिन व्हिन्सेंट याचे पुस्तक त्याने 1622 मध्ये छापले, आणि त्यात स्वतःचे पत्र जोडले: ब्रूक स्वतः छापखान्यात आला नसेल, पण प्रुफे त्याच्याकडे जात होती, त्याने ती पाहिली होती. तेरा वर्षांपूर्वी हेवूडला शुद्धिपत्र नाकारणारा माणूस आता छापील पानावरच आपली बाजू मांडत होता. व्हिन्सेंटला त्याने फोलिओची एक प्रत भेट दिली. 'मुद्रक विल्यम जॅगर्ड याजकडून' अशी लॅटिन नोंद असलेली ती प्रत आजही फोल्जरमध्ये आहे.

1623 च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच जॅगर्ड वारलेला होता. 8 नोव्हेंबरला आयझॅक आणि ब्लंट यांनी कंपनीच्या वहीत सोळा नाटके आपल्या नावावर नोंदवली. 5 डिसेंबरला सर एडवर्ड डेरिंग यांनी दोन प्रती दोन पौंडांना घेतल्याचे त्यांच्या हिशेबवहीत आहे. सुटे नाटक तेव्हा सहा पेन्सला मिळे; एका फोलिओच्या किमतीत तशी चाळीस आली असती. छत्तीसपैकी अठरा नाटके त्याआधी कधीच छापली गेली नव्हती. 'मॅकबेथ', 'ज्युलियस सीझर', 'द टेम्पेस्ट' आपल्याला याच पुस्तकामुळे मिळाली.

हेवूड त्यानंतरही बरीच वर्षे लिहीत राहिला. 1633 मध्ये एका नाटकाच्या प्रस्तावनेत त्याने सांगितले की, दोनशे वीस नाटकांना त्याचा पूर्ण हात, निदान एखादे बोट तरी, लागलेले आहे. पुष्कळशी नाटके मंडळ्या बदलता बदलता हेळसांडीने हरवली. काही अजून नटांच्या ताब्यात होती. छापली तर आपले नुकसान होईल असे त्यांना वाटे. त्या दोनशे वीसपैकी फार थोडी आज वाचायला मिळतात. त्याचा संग्रह त्याच्या हयातीत कुणीच काढला नाही.