सड्यावरची गिधाडं

नमस्कार, श्रोतेहो.

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड. ही अन्नसाखळी आपण सगळ्यांनी शाळेत घोकली. पण गरुड मेला, गाय मेली, तर पुढे काय? मेलेलं उचलणारंही कोणीतरी लागतं. त्याचीच गोष्ट सांगतो.

रायगड जिल्ह्यातलं आमचं गाव. तांब्या नावाचा बैल होता. १९८४ च्या उन्हाळ्यात तो गेला, मी नऊ वर्षांचा होतो. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. गड्यांनी दोर लावून तांब्याला ओढत सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, नेलं. मी लपतछपत मागून गेलो आणि करवंदीच्या जाळीआड बसलो.

आभाळ कोरं. बराच वेळ काहीच नाही. मग खूप उंचावर एक ठिपका. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. एक खाली झेपावलं की लांबवरचं दुसरं ते बघतं आणि त्याच्या रोखाने निघतं, अशी ती जमतात. उतरताना पंखांचा आवाज असा, जणू वाऱ्यात ताडपत्री फाटतेय. मी मोजायला लागलो, बेचाळीसवर सोडून दिलं. उन्हं कलायच्या आत तिथे हाडं उरली होती. नुसती हाडं. ना घाण, ना वास. घरी आलो तर आजोबा ओटीवर बसलेले. "आली का रे?" एवढंच विचारलं. आली म्हटल्यावर उठले आणि आंघोळीला गेले.

लोभी माणसाला आपण गिधाड म्हणतो. मला ही शिवी अजिबात पटत नाही. जटायूच्या कुळातला हा पक्षी, वाट बघतो ती मेलेल्याची.

पुढे २००१ साली आमची चंद्री गाय गेली. शेवटचे तीन दिवस तिला इंजेक्शनं चालू होती. तिलाही सड्यावर नेलं. एक दिवस गेला, दुसरा गेला. कोणी आलं नाही. चौथ्या दिवशी वारा फिरला आणि वास घराघरात शिरला. आले ते कुत्रे. आजोबा तेव्हा थकले होते, रोज विचारायचे, "आली का?" काय सांगणार होतो मी त्यांना?

दुखण्यावर, सुजेवर तेव्हा गोठ्यागोठ्यात डायक्लोफिनॅक टोचलं जायचं. आपल्याकडे सुई टोचल्याशिवाय औषध दिल्यासारखं वाटतच नाही, गुरालाही आणि माणसालाही. साध्या तापाला पेज आणि झोप पुरते, हे माझं मत मी इथे सांगून ठेवतो.

तर, गुराला ते औषध मानवायचं, गिधाडाला नाही. औषध अंगात असताना मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होत आणि काही दिवसांत ते मरे. शंभरातल्या एखाद्या मढ्यात औषध असलं तरी पुरे, कारण एका मढ्यावर पन्नास गिधाडं जेवतात. आणि गिधाड वर्षाला अंडं घालतं एक. लक्षात घ्या, वर्षाला एकच अंडं. भर निघणार कशी? पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ साली देशात हजार होती असं धरलं, तर २००७ पर्यंत त्यातलं एक उरलं. हजारातलं एक.

कारण सापडलं ते २००४ मध्ये, पाकिस्तानातल्या संशोधनातून. आपल्याकडे गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटलीवर ३ मिलीलिटरची मर्यादा आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही गिधाडांना तशीच घातक औषधंही गुरांसाठी बंद झाली. दुखण्या-सुजेवरचंच मेलोक्सिकॅम हे औषध मात्र गिधाडांना चालतं. गोठ्यात जनावर आजारी असेल तर डॉक्टरांना हे नाव आवर्जून सांगा. मेलोक्सिकॅम.

गावी गेलो की मी अजून सड्यावर चढतो, करवंदीच्या जाळीपाशी बसतो. घारी दिसतात.

नमस्कार.