यलोस्टोनचं उसळतं पाणी

श्रोतेहो, नमस्कार. वज्रेश्वरीची किंवा राजापूरजवळच्या उन्हाळे गावातली गरम पाण्याची कुंडं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. तिथलं पाणी शांतपणे वर येतं. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातला ओल्ड फेथफुल, म्हणजे ‘जुना विश्वासू’, हा गरम पाण्याचा झरा मात्र 32 ते 56 मीटर उंच उसळतो. 1870 साली तिथे पोचलेल्या वॉशबर्न यांच्या शोधपथकाने तो पुन्हापुन्हा नेमाने उसळताना पाहिला आणि हे नाव ठेवलं.

नेमाने म्हणजे घड्याळाच्या ठोक्याला, असं मात्र समजू नका. तिथले कर्मचारी प्रत्येक उसळी किती वेळ टिकली ते मोजतात. अडीच मिनिटांच्या आत आटोपली, तर पुढची साधारण तासाभराने. जास्त टिकली, तर दीड तासाच्या आसपास. मोठ्या उसळीत पाणी जास्त बाहेर पडतं, मग पुन्हा भरून तापायला वेळ लागणारच. मला यातलं हे गणित फार आवडतं.

आत काय घडतं? पावसाचं आणि बर्फाचं पाणी झिरपत खोल जातं. शिलारसाच्या उष्णतेने खडक तापलेले असतात, त्यामुळे पाणीही कमालीचं तापतं, पण वरच्या पाण्याच्या भाराखाली त्याची वाफ होऊ शकत नाही. 1992 साली शास्त्रज्ञांनी या विवरात छोटा कॅमेरा सोडला. सुमारे 7 मीटर खाली वाट जेमतेम 10 सेंटीमीटर रुंद होती, म्हणजे आपला पंजा कसाबसा जाईल एवढी! तोंडाशी थोडं पाणी सांडलं की भार हलका होतो, खालचं पाणी भसकन वाफ होतं आणि सगळं वर फेकतं.

हा सारा डोलारा फार नाजूक आहे. 1959 सालच्या मोठ्या भूकंपानंतर दोन उसळ्यांमधलं अंतर वाढलं. त्याहून विलक्षण म्हणजे, उसळीच्या तोंडाभोवतीच्या उंचवट्यात झाडांचं जुनं लाकूड सापडलं. ती झाडं 13व्या आणि 14व्या शतकांतली निघाली. उकळतं पाणी अंगावर पडत असताना तिथे झाड कसं वाढेल? दीर्घ दुष्काळात ओल्ड फेथफुल कित्येक दशकं थंडावला होता, असं 2020 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडलं गेलं. पाऊस आटला, तर खालची आग एकटी काही करू शकत नाही.

कुणी तिकडे जाणार असाल, तर तिथे फळीवर लिहिलेली पुढच्या उसळीची वेळ 10 मिनिटं मागेपुढे होते, हे लक्षात ठेवा आणि आधीच जाऊन बसा. लाकडी वाट सोडून मात्र एक पाऊलही टाकू नका; बाजूचा पापुद्रा पातळ आहे आणि खाली उकळतं पाणी आहे.