‘उद्धट’ हा शेरा कोणाच्या नावापुढे?

मी नववीची वर्गशिक्षिका होते, इथेच वडोदऱ्यात. एकदा मधल्या सुट्टीत दोन मुलं भिंतीवरून उडी मारून बाहेर गेली. बरोबर गेली, बरोबरच सापडली. एकाचे वडील फोन केल्यावर तासाभरात आले. ऑफिसात बोलणं झालं, मुलगा पाचव्या तासाला बाकावर हजर. दुसऱ्याचे वडील भाजीची लारी लावायचे. धंदा सोडून यायला त्यांना तीन दिवस लागले, आणि ते येईपर्यंत मुलगा घरी. शेऱ्यांची वही माझ्याकडे होती. पहिल्यापुढे मी लिहिलं, ‘न विचारता बाहेर गेला.’ दुसऱ्यापुढे लिहिलं, ‘उद्धट. ऐकत नाही.’ तो शेरा मला अजून सलतो.

कोणत्या मुलांना किती शिक्षा होते, याची अमेरिकेत मोजदाद होते. 2013-14 साली तिथल्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुलं होती 15.5 टक्के, निलंबित झालेल्यांत मात्र 39 टक्के. दिव्यांग मुलांचंही असंच, विद्यार्थ्यांत सुमारे 12 टक्के, निलंबितांत जवळजवळ पाव हिस्सा. कोणी म्हणेल, गरिबीमुळे होत असेल. 2018 साली अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने तेही पाहिलं. शाळेत गरीब मुलं कमी असोत की जास्त, तफावत दिसलीच.

पण आकड्यांपेक्षा मला कारणं महत्त्वाची वाटतात. अमेरिकी शिक्षण-संशोधक रसेल स्किबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये तिथल्या एका शहरातल्या शाळांच्या शिक्षेच्या नोंदी तपासल्या. गोरी मुलं ऑफिसात पाठवली जात ती सिगारेट ओढली, मोडतोड केली, न सांगता निघून गेली म्हणून. ज्या गोष्टी डोळ्यांना दिसतात, त्यांसाठी. कृष्णवर्णीय मुलं जात ती मान ठेवला नाही, फार आवाज केला म्हणून. आता आवाज ‘फार’ कधी होतो? ते बाई ठरवणार, सर ठरवणार. माझ्या वहीतला ‘उद्धट’ याच जातीचा शब्द.

आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याचं 16 वं कलम आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढू देत नाही. नववीत हे छत्र सरतं. मग पालकांना हळूच सांगितलं जातं, “एल.सी. काढून घ्या, मुलाचं वर्ष तरी वाचेल.” कागदावर दिसतं की पालकांनीच दाखला मागितला. शिक्षा कुठेच लिहिलेली नाही, मग मोजणार काय? याच बडोदे संस्थानात सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 पासून संस्थानभर सक्तीचं शिक्षण आणलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होता. त्या गावात आज शाळाच मुलाला घरी बस म्हणते, याचं मला फार वाईट वाटतं.

शिक्षक बदलू शकतात, हेही सांगते. कॅलिफोर्नियातल्या गणिताच्या 31 शिक्षकांवर एक प्रयोग झाला. काहींना दोन छोट्या ऑनलाइन सत्रांत, चुकणाऱ्या मुलाची बाजू समजून घेऊन त्याच्याशी नातं कसं टिकवायचं, यावर वाचायला आणि लिहायला दिलं. त्यांच्या विद्यार्थ्यांत वर्षभरात निलंबित झालेली मुलं 4.8 टक्के; बाकीच्यांकडे 9.6.

म्हणून इथे बसलेल्या शिक्षकांना विनंती आहे. गेल्या वर्षीची शेऱ्यांची वही काढा. जिथे मूल ‘कसं आहे’ असं लिहिलंय, तिथे त्याने ‘काय केलं’ ते आठवून लिहा. जे आठवणार नाही त्यावर रेघ मारा, आणि मग कोणाकोणाची नावं मोकळी झाली ते पाहा.