सुराची आस : रॉबर्ट फ्रिपची गिटार

मंडळी, विषय जाहीर झालाय ‘रॉबर्ट फ्रिप : जीवन आणि कारकीर्द’. जीवनाचं लवकर आटोपतो. जन्म १९४६, इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात, विम्बोर्नला. १९६९ मध्ये ‘किंग क्रिम्झन’ हा त्याचा रॉक बँड, त्याच जुलैत रोलिंग स्टोन्सच्या आधी हाइड पार्कात वाजवणं, ऑक्टोबरात पहिली रेकॉर्ड. हे सगळं तुम्हाला पाठच असणार. आणि आपण फ्रिप कधी ऐकलाच नाही असं ज्यांना वाटतंय, त्यांनी विंडोज व्हिस्टाचा संगणक सुरू होतानाचा चार सेकंदांचा आवाज आठवावा. त्यातही फ्रिप आहे! हसलात ना? म्हणजे ऐकलाय.

मला बोलायचंय आस या गोष्टीबद्दल. सतारवाले जिला आस म्हणतात, तीच : छेडल्यावर सूर मागे रेंगाळतो ती. तार छेडली की सूर त्या क्षणापासून विरायला लागतो. व्हायोलिनवाल्याकडे गज आहे, बासरीवाल्याकडे श्वास. गिटारवाल्याने काय करायचं? माझं म्हणणं असं, की फ्रिप जन्मभर या एकाच दुखण्यावर इलाज शोधत राहिला.

बर्लिनची गोष्ट सांगतो. ‘रेड’ ही रेकॉर्ड दुकानात यायच्या आधीच, १९७४ मध्ये, फ्रिपने किंग क्रिम्झन मोडला. पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या शेरबोर्नला, गुर्जिएफ या आध्यात्मिक गुरूच्या परंपरेतल्या दहा महिन्यांच्या निवासी शिक्षणाला गेला. १९७७ मध्ये तो न्यूयॉर्कला असताना त्याचा संगीतकार मित्र ब्रायन ईनोचा फोन आला, गायक डेव्हिड बोवीच्या रेकॉर्डवर वाजवायला ये म्हणून. हान्सा स्टुडिओ, पलीकडे बर्लिनची भिंत. तिथे ‘हीरोज’ या गाण्यावर फ्रिपने जे केलं, ते मी किती वेळा ऐकलंय याचा हिशेब नाही.

अँप्लिफायरचा आवाज तारेवर येऊन आदळतो, तार पुन्हा थरथरते, तीच थरथर पुन्हा अँप्लिफायरमध्ये जाते. हा फीडबॅक. बहुतेकांच्या हातात त्याची किंचाळी होते. फ्रिपने ओळखलं होतं की प्रत्येक सुराला स्पीकरपासूनचं आपलं असं अंतर असतं. निर्माता टोनी विस्कॉन्टीने सांगून ठेवलंय : ‘ए’ साधारण चार फुटांवर, ‘जी’ त्याहून थोडा जवळ. त्याप्रमाणे जमिनीवर पट्टी, पट्टीवर खुणा. गिटारचे पडदे जणू जमिनीवर उतरले होते! एरवी स्टुलावर बसून वाजवणारा हा माणूस त्या खुणांवर पुढेमागे सरकत सूर काढतोय. ईनो तो आवाज सिंथेसायझरमधून फिरवतोय. असे तीन टेक झाले आणि विस्कॉन्टीने ते तिन्ही एकत्र मिसळले. गाण्यावर जो एक सूर अखंड तरंगत राहतो, तो हा. गज नाही, श्वास नाही, पण आस तुटत नाही.

बसण्यावरून आठवलं. फ्रिपच्या कार्यक्रमांत फोटोला बंदी असायची, म्हणून लोक त्याला तुसडा म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. एका मैफलीत माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसाने तासभर मोबाइल उंच धरला होता. वादकाने एक सूर अगदी बारीक करत नेला, सभागृह श्वास रोखून बसलं, आणि नेमका त्या उजेडाने माझा डोळा तिकडे ओढला. सूर संपलेला मला कळलाच नाही. इतक्या वर्षांनंतरही ते माझ्या मनातून जात नाही. विरणारा सूर जपण्यात ज्याने आयुष्य घातलं, त्याने ऐकणाऱ्याकडून तेवढं लक्ष मागू नये? क्रिम्झनच्या शेवटच्या काही वर्षांत तर साधा नियम होता : कार्यक्रम संपताना बँडमधल्या बेसवादक टोनी लेव्हिनने कॅमेरा उचलला, की तुम्हीही उचला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. बरं. म्हणजे टेपचं एवढंच सांगतो : १९७२ मध्ये ईनोच्या घरी फ्रिपची गिटार आणि रेव्हॉक्स कंपनीची दोन टेपरेकॉर्डर यंत्रं. पहिल्यावर सूर टिपायचा, तीच टेप पुढे दुसऱ्यावर वाजायची, तिथला आवाज परत पहिल्याकडे. काही सेकंदांनी सूर आपल्याच पाठीवर बसून येतो, दर फेरीला थोडा फिका. यावर खरं तर अख्खं व्याख्यान व्हायला हवं.

आणि ज्याच्यासाठी आलो ते. १९८३ च्या सप्टेंबरात, न्यूयॉर्कमध्ये सॉनाच्या वाफेत बसलेला असताना, फ्रिपला गिटारच्या तारा सुरात लावायची नवी पद्धत सुचली : सी, जी, डी, ए, ई, जी. खालच्या पाच तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर, व्हायोलिनच्या वळणाच्या. १९८५ पासून वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लेमॉन्टला त्याच्या ‘गिटार क्राफ्ट’चे वर्ग सुरू झाले. साध्या अकूस्टिक गिटारी. टेप नाही, फीडबॅक नाही. सगळे गोल करून बसतात. एकाने एक सूर छेडायचा, तो विरायच्या आत शेजाऱ्याने पुढचा. असा सूर वर्तुळात फिरत राहतो. यंत्राने जे साधलं होतं, ते आता शेजारी बसलेल्या माणसाच्या कानावर आणि बोटावर सोपवलेलं.

याचं एक ध्वनिमुद्रण आणलंय. दिवे थोडे मंद करता का? आणि मोबाइल कृपया खिशातच राहू द्या.