तिथी आणि तारीख

मंडळी, देवळालीच्या तोफांचा सराव ऐकत आपण नाशिककर लहानाचे मोठे झालो. फौजेचं आपल्याला अप्रूप नाही, माया आहे. तरीही २६ जुलैच्या, कारगिल विजय दिनाच्या कार्यक्रमाला जाताना माझा पाय अडखळतो. जातो मात्र दरवर्षी.

मागे एकदा एका वीरमातेशेजारी बसलो होतो. पाहुणे तासभर उशिरा आले. शाल, श्रीफळ, फोटो झाले. निवेदकानं मुलाचं नाव बरोबर घेतलं, पण निफाड तालुक्यातल्या पोराला सिन्नरचा करून टाकलं. बाई माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "भाऊ, सिन्नर त्याचं आजोळ." माइक तोवर पुढच्या वक्त्याकडे गेला होता.

१९७१ पर्यंत घरी यायची ती बहुधा तार. अंत्यसंस्कार तिकडेच, सीमेजवळ व्हायचे. कारगिलमध्ये ५२७ जवान गेले आणि तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या गावोगावी आल्या. तेव्हापासून घरचं दुःख गावाचं झालं. गावाचं झालं की मांडव आला, बॅनर आला, आणि बॅनरवर जवानापेक्षा मोठा फोटो कुणाचा, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आपल्याकडे याची एक जुनी सोयही आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशी, म्हणजे सर्वपित्रीचा आदला दिवस. शस्त्रानं मेलेल्यांचं श्राद्ध त्या दिवशी, आणि तेही एकोद्दिष्ट, एकट्या त्याच्यासाठी. रामकुंडावर बघा: दर्भ, काळे तीळ, एक पिंड, गोत्र आणि नाव. ते नाव चुकत नाही, कारण सांगणारा घरचा असतो.

मग स्मारकं कशाला, असं मी बरीच वर्षं म्हणत होतो. पण घरचा माणूस उरलाच नाही तर? बाविसाव्या वर्षी, लग्नाआधी गेलेल्याचं नाव भाऊ घेईल, फार तर पुतण्या. पुढे कोण? १९८७ ते ९० मध्ये श्रीलंकेत शांतिसेनेच्या मोहिमेत आपले सुमारे बाराशे जवान पडले. ती मोहीम आठवणं सगळ्यांनाच अवघड जात होतं. त्यांच्यासाठी कोलंबोजवळ स्मारक आधी उभं राहिलं. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात त्यांची नावं कोरली गेली ती २०१९ मध्ये. तिथे दगडच लागतो.

अर्थात दगडाचंही काही खरं नाही. वीरगळ बघा, लढाईत पडलेल्यांसाठी उभे केलेले जुने कोरीव दगड. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेताहेत, वर शिवलिंगाची पूजा. बहुतेकांवर नावच नाही. कुठे कुठे तर शेंदूर फासून त्याचा देव केलाय!

असो. त्या दिवशी कार्यक्रम आटोपला, बाईंना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. पाऊस भुरभुरत होता. म्हटलं, शाल तरी अंगावर घ्या. त्यांनी ती प्लॅस्टिकमधून काढलीच नाही.

"राहू द्या," म्हणाल्या. "चतुर्दशीला धाकटा रामकुंडावर बसतो ना, तेव्हा गुरुजींना द्यायला होते. दरवर्षी तीच देतो."